एक पूर्णांक शून्य

दशांश अपूर्णांक वाचण्याची आपली मराठी रीत मला लहानपणापासून आवडते. इंग्रजी बोलणारा माणूस मध्ये एक टिंब आहे एवढे सांगतो आणि पुढे जातो. ‘वन पॉइंट झीरो’ म्हटले की त्याचे काम झाले. आपण मात्र टिंबाच्या डाव्या अंगाला जे बसलेले असते त्याला त्याचा मान देतो आणि ‘एक पूर्णांक शून्य’ असे म्हणतो. ‘शून्य पूर्णांक शहाण्णव’ हे शब्द ऐकले की मला त्या शहाण्णवाची कीव येते. एवढी जमवाजमव करूनही बिचाऱ्याचे पूर्णांकाचे घर रिकामेच! आणि ‘एक पूर्णांक शून्य’ यात पुढे काही नसले तरी एक प्रकारची ऐट आहे. खोली एकच असेल, पण ती स्वतःची आहे.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी आपल्या कृतींना असेच आकडे देतात. काम चालू असेतो शून्य पूर्णांक अमुक, शून्य पूर्णांक तमुक. आणि मग एके दिवशी, सगळ्यांनी धीर गोळा केला की एक पूर्णांक शून्य. या आकड्याच्या प्रसिद्धीला ते ‘स्टेबल रिलीज’ म्हणतात. मी मराठीचा प्राध्यापक. या गोष्टींशी माझा संबंध येण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. पण आमच्याकडे बी. ए. ला मराठी घेऊन पुढे संगणकाच्या वाटेला लागलेल्या एका विद्यार्थिनीने मला गेल्या वर्षी फोनवर विचारले, “सर, ‘स्टेबल रिलीज’ला मराठीत काय म्हणायचं?”

“स्थिर आवृत्ती,” मी तत्परतेने सांगितले.

“ते मशीनही सांगतं, सर. तसं नको. वाचल्यावर माणसाला कळायला हवं.”

प्राध्यापकाचा असा मुखभंग झाला की तो दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर रागावतो, नाहीतर अभ्यासाला लागतो. रागावण्यात अर्थ नव्हता, कारण पोरगी बरोबर बोलत होती. स्थिर म्हणजे जे हलत नाही ते. स्थिर पाण्यावर शेवाळ धरते. तिला जे सांगायचे होते ते हे नव्हे, एवढे मला उमगले. मग तिला नेमके काय सांगायचे आहे ते शोधता शोधता मी फार दूर, अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जाऊन पोचलो.

तिथे जाण्याआधी लायब्ररीची गोष्ट सांगायला हवी. प्रोग्रॅमर लोकांची लायब्ररी म्हणजे ग्रंथालय नव्हे. तिला दिवाळीच्या दिवसांतली उपमा द्यायची तर ती चकलीची भाजणी आहे. कोणी एका सुगरणीने तांदूळ, डाळी, धणे, जिरे प्रमाणात घेऊन, भाजून, दळून ठेवलेले असते. आपण ती आणावी, मोहन घालावे, भिजवावी आणि सोऱ्या फिरवावा. वेबवरचे कोणतेही स्थळ उभे करायचे तर काही कामे दरवेळी तीच असतात. माहिती साठवायची, मागेल तेव्हा काढून द्यायची, पान मांडायचे, आलेला माणूस खरा की तोतया ते पाहायचे. ही कामे कोणीतरी एकदा नीट लिहून ठेवली की इतरांना भाजत बसावे लागत नाही. काही लायब्ऱ्या इतक्या मोठ्या होतात की त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. लायब्ररी कोठे संपते आणि फ्रेमवर्क कोठे सुरू होते यावर त्या मंडळीत वाद आहेत. आपल्याकडे कथा कोठे संपते आणि दीर्घकथा कोठे सुरू होते यावर आहेत तसेच. आपण त्यात पडू नये. ओपन सोर्स म्हणजे भाजणीबरोबर तिची कृतीही फुकट देणे: घ्या, वापरा, बदला, विका, फक्त मूळ करणाराचे नाव पुसू नका.

आता यात मेख कोठे आहे ते पाहा. भाजणी करणाऱ्या बाईने एका रात्रीत प्रमाण बदलले तर तिच्या घरी काहीच बिघडत नाही. ती बदललेल्या प्रमाणाचे पाणी घालील. पण शंभर घरांत सकाळी कढईत चकल्या विरघळतील, आणि त्या शंभर बायकांना आपले काय चुकले ते कळणारसुद्धा नाही.

तर ते वर्तमानपत्र. कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचे गाव आहे. तिथे एक विद्यापीठ आहे आणि ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाचे एक दैनिक. या दैनिकाच्या वेब विभागात २००३ साली दोन तरुण काम करीत होते. एक एड्रियन होलोव्हाटी, पत्रकारितेचे शिक्षण घेतलेला. दुसरा सायमन विलिसन, इंग्लंडहून वर्षभराच्या उमेदवारीवर आलेला विद्यार्थी. वर्तमानपत्राची कचेरी म्हणजे घाईचे माहेरघर. संपादकाने दुपारी काही सुचवायचे आणि ते संध्याकाळी वाचकांसमोर हवे. कित्येकदा हातात दिवस नव्हे, तासच असत. या घाईला तोंड देण्यासाठी त्यांनी पायथन या भाषेत स्वतःपुरती भाजणी तयार करून ठेवायला सुरुवात केली. पुढे जेकब कॅप्लन-मॉस त्यांना येऊन मिळाला. जुलै २००५ मध्ये वर्तमानपत्राच्या परवानगीने ती जगाला खुली झाली. नाव ठेवले जँगो, जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नावावरून. १९२८ सालच्या आगीत याच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती आणि उरलेल्या बोटांवर त्याने असे वादन केले की आजही ऐकणारा थक्क होतो. इंग्रजीत हे नाव लिहिताना आरंभी एक ‘डी’ लिहावा लागतो आणि तो उच्चारायचा नसतो, हे नवागताला मुद्दाम सांगावे लागते. देवनागरीत ही पंचाईतच नाही.

खुली झाली म्हणजे पक्की झाली असे नव्हे. पुढची तीन वर्षे ही लायब्ररी शून्य पूर्णांकाच्या घरात राहिली, आणि त्या घरात राहणाऱ्यांना बरेच सोसावे लागले. २००६ साली तिची अंतर्रचना अशी बदलली की आधी लिहिलेले सगळे पुन्हा हाताखालून काढावे लागले. मार्च २००७ मध्ये ०.९६ निघाली आणि त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष आकडाच पुढे सरकला नाही. काम थांबले होते असे मात्र मुळीच नाही. ते रोज चालू होते, आणि अधीर लोक ते रोजचे, अर्धे ओले काम उचलून वापरीत होते. गवंडी वरच्या मजल्यावर असताना खाली बिऱ्हाड थाटण्यासारखा हा प्रकार. सकाळी उठावे तो स्वयंपाकघराचे दार दुसऱ्या भिंतीत!

या काळातली एक गंमत मला फार आवडली. वेबवरचे अर्ज, म्हणजे फॉर्म, भरून घेण्याची जी व्यवस्था जँगोत होती ती जुनी झाली म्हणून नवी लिहिली आणि तिचे नाव ‘न्यूफॉर्म्स’ ठेवले. आमच्या साहित्यातही ही खोड आहे. नवकथा, नवकविता असे एकदा म्हणून बसलो. आता ती नवकथा पाऊणशे वर्षांची होत आली तरी तिला ‘नव’ म्हणण्यावाचून आम्हांला गत्यंतर नाही आणि वर्गातली मुले खुदकन हसतात. जँगोवाल्यांनी शहाणपणा केला. पक्की आवृत्ती काढण्यापूर्वी त्यांनी जुनी व्यवस्था काढून टाकली आणि नवीला ‘फॉर्म्स’ हे साधे नाव देऊन टाकले. आता कोणी तिला नवी-जुनी म्हणायला नको. हे आमच्या समीक्षकांना का सुचले नाही कोण जाणे.

पण या नामांतराची किंमतही कोणीतरी मोजलीच. होलोव्हाटी आणि कॅप्लन-मॉस यांनी स्वतःच लिहिलेला जँगोवरचा ग्रंथ डिसेंबर २००७ मध्ये छापून बाहेर पडला. तो ०.९६ ला धरून होता. नऊ महिन्यांत पक्की आवृत्ती आली आणि ग्रंथाची कित्येक पाने जुनी झाली. दुसरी आवृत्ती निघेतो २००९ उजाडले. ज्याने कधी पाठ्यपुस्तक लिहिले आहे आणि तो छापून येताच अभ्यासक्रम बदलल्याचे परिपत्रक वाचले आहे, त्याला यातले दुःख समजावून सांगावे लागणार नाही. इथे तर परिपत्रक काढणारेही तेच होते!

मग २००८ च्या उन्हाळ्यात त्यांनी कंबर कसली. जूनमध्ये कामामागे उभी राहील अशी एक संस्था स्थापन झाली. कोणत्या गोष्टी असल्याच पाहिजेत आणि कोणत्या आल्या तर उत्तम, याच्या याद्या झाल्या. जुलैत अल्फा निघाली, ऑगस्टमध्ये बीटा. आमच्या छापखान्याच्या भाषेत सांगायचे तर आधी गॅली प्रूफ, मग पेज प्रूफ, आणि शेवटी ‘छापावे’ असा शेरा. ३ सप्टेंबर २००८ या दिवशी एक पूर्णांक शून्य प्रसिद्ध झाली. तीनच दिवसांनी जँगोवाल्यांचे पहिले संमेलन कॅलिफोर्नियात भरायचे होते. मंडळी संमेलनाला रिकाम्या हाताने गेली नाहीत. संमेलनाची तारीख नसती तर प्रूफे आणखी किती दिवस तपासली गेली असती, हे दिवाळी अंकाला लेख देणाऱ्या माणसाने सांगायला नको. अंक दिवाळीला निघाला नाही तर तो रद्दीच्या भावाने जातो, आणि या एका भीतीने मराठीतले निम्मे साहित्य लिहून पुरे झाले आहे.

ती आवृत्ती परिपूर्ण होती काय? बिलकूल नाही. साठवलेल्या माहितीची बेरीज किंवा सरासरी काढून आणण्याची सरळ सोयसुद्धा तिच्यात नव्हती. ती पुढच्या वर्षी १.१ मध्ये आली. बेरीज न येणारी ‘पूर्णांक’ आवृत्ती! पण माझ्या शब्दाचा शोध इथेच लागला. त्या लोकांनी आवृत्तीबरोबर एक वचनपत्र प्रसिद्ध केले होते. त्यात आपल्या ‘स्टेबल’ या शब्दाचा अर्थ त्यांनी स्वच्छ सांगून ठेवला आहे. स्टेबल म्हणजे पूर्ण झालेले, असे नाही. आम्ही यात भर घालू. पण ज्या गोष्टी तुम्हांला नाव घेऊन सांगितल्या आहेत त्यांची नावे आणि त्यांचा अर्थ तुमच्या पायाखालून काढून घेणार नाही. काही काढावेच लागले तर आधी सूचना देऊ आणि पुढच्या किमान दोन आवृत्त्यांपर्यंत जुने चालू ठेवू. फक्त सुरक्षिततेला धोका निर्माण झाला तर तेवढ्यापुरती वाट पाहणार नाही.

म्हणजे हे वर्णन कृतीचे नाहीच. ते कर्त्याचे आहे. लायब्ररी स्थिर झाली असे त्यात कोणी म्हणत नाही. आम्ही आमचे हात बांधून घेतले, एवढेच त्यात म्हटले आहे.

मी त्या विद्यार्थिनीला फोन केला. “स्थिर नको,” म्हटले, “पक्की म्हण. पक्की आवृत्ती. दुकानदार कच्ची पावती देतो आणि पक्की पावती देतो. माल तोच असतो. पण पक्की पावती दिली की तो बांधला जातो.”

तिला शब्द आवडला. मग तिने ‘डेप्रिकेटेड’ला शब्द मागितला. जी गोष्ट अजून चालते, पण लवकरच काढली जाणार आहे, तिला हा शब्द लावतात. मी दोन-तीन संस्कृत घडणीचे शब्द जुळवून पाहिले. ते तिला ऐकवण्याचा धीर मला झाला नाही. शेवटी आमचे ‘नोटीस दिलेले’ यावर एकमत झाले. भाडेकरू आज घरात आहे, दिवाही लागतो, पाणीही येते. पण नोटीस पोचलेली आहे. जँगोत तर ही नोटीस दोन वेळा देत. पहिल्या आवृत्तीत हळू आवाजात, मुद्दाम कान देणाऱ्यालाच ऐकू येईल अशी. दुसरीत सर्वांना ऐकू जाईल अशी. आणि तिसरीत सामान बाहेर. इतक्या सभ्यपणे घर खाली करून घेणारा मालक मी अजून पाहिलेला नाही.

या पक्क्या आवृत्तीने आम्हां देवनागरीवाल्यांचे एक मोठे काम केले, ते इथे सांगितलेच पाहिजे. आधीच्या जँगोत अक्षरांचा कच्चा माल बाइट या मापाने हाताळला जाई. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आपल्या एकेका चिन्हाला युनिकोडच्या प्रचलित साठवणीत तीन लागतात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट झाले. आता जागा कमी आहे म्हणून एखाद्या प्रोग्रॅमने हा शब्द दहा बाइटांवर कापला तर काय उरते? नऊ बाइटांत ‘मरा’ एवढे उरते आणि दहाव्यात काहीच न कळणारा एक भग्न तुकडा. वाल्या कोळ्याला ‘मरा’ लाभले, त्याचा राम झाला. आमच्या मराठीचा तसा काही होण्याची आशा नव्हती. हे दुखणे बरे करण्याचे काम माल्कम ट्रेडिनिक नावाच्या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने अंगावर घेतले. जँगोत जिथे जिथे अक्षरांशी संबंध येतो तिथे तिथे हात घालून त्याने ती व्यवस्था युनिकोडची केली. ते काम २००७ च्या जुलैत मुख्य प्रवाहात मिसळले, आणि आकडा घेऊन बाहेर पडले ते १.० बरोबर. ट्रेडिनिक २०१३ साली वारला. त्याच्या नावाने जँगोची संस्था दरवर्षी एक पारितोषिक देते. नवख्यांना न कंटाळता शिकवणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती. तो मराठीचा एक शब्दही जाणत असेल असे मला वाटत नाही. आपल्या भाषेची कामे कधी कधी अशी परस्पर होऊन जातात आणि आपण सत्कार भलत्याच माणसांचे करीत बसतो.

एक पूर्णांक शून्य निघाली तेव्हा जँगो पन्नास भाषांत पोचला होता. त्या वेळी त्यांनी एक हिशेब सांगितला, तो मला कोणत्याही भाषणापेक्षा बोलका वाटतो. वर्तमानपत्राच्या खाजगी दप्तरात ८८२५ वा फेरफार नोंदवला गेला होता तेव्हा २००५ साली ती कृती बाहेर पडली. खुल्या दप्तराचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, आणि एक पूर्णांक शून्य त्या दप्तरातली ८९६१ वी नोंद होती. घरच्या माणसांनी बंद दाराआड जेवढे केले त्याच्या पुढे गावाची वर्गणी गेली, आणि नेमक्या त्याच सुमारास पावती पक्की झाली. पुढे २०१० साली सुरू झालेले इन्स्टाग्राम याच पायावर उभे राहिले.

मात्र वचन दिले म्हणजे चुकाही वचनात सापडतात. याचे सर्वांत मजेदार उदाहरण जँगोपेक्षा जुने आहे. आपण एका पानावरून दुसऱ्या पानावर जातो तेव्हा आपण कोठून आलो हे ब्राउझर गुपचूप सांगतो. या निरोपाला ‘रेफरर’ म्हणायचे. पण १९९६ साली जेव्हा वेबची बोलण्याची रीत लिहून प्रसिद्ध झाली तेव्हा या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगातला एक ‘आर’ गळालेला होता. चूक लक्षात आली, पण तोवर असंख्य यंत्रे त्या चुकीच्या नावाने एकमेकांना हाका मारू लागली होती. आजही तोच शब्द तसाच चालतो. मी वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. जगातले प्रत्येक वेबपान क्षणोक्षणी स्पेलिंगची तीच चूक करते आणि कोणी अर्धा गुण कापीत नाही, हे कळल्यावर मला काही काळ अन्न गोड लागले नाही. मग विचार केला, की नवऱ्याच्या घरच्यांनी लग्नपत्रिकेत नवरीचे नाव चुकीचे छापले म्हणून कोणी लग्न थांबवीत नाही.

आमच्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. पुढची तीनशे वर्षे ती हातोहात उतरत गेली आणि ज्याला जे सुचले ते त्यात शिरत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पोथ्या ताडून पाहून पाठ शुद्ध केला, आणि यात आता कोणी आपली ओवी घालू नये असा इशाराही देऊन ठेवला. माझ्या दृष्टीने मराठीतली ही पहिली पक्की आवृत्ती. पण दोन्हींत एक फरक आहे, आणि तो लहान नाही. नाथांनी हात बांधले ते पुढच्या लेखनिकांचे. जँगोवाल्यांनी बांधले ते स्वतःचे. एक मंदिराचे दार लावून घेणे आहे, दुसरे चालत्या खाणावळीत ‘थाळीचा भाव आणि पदार्थ बदलणार नाही’ अशी पाटी लावणे आहे. खाणावळवाल्याचे काम अवघड, कारण त्याला उद्याही चूल पेटवायची आहे. आणि १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला तेव्हा जुनी माणसे पुढे कितीतरी वर्षे पत्रांतून ती टिंबे देतच राहिली. सरकारी नियमाला जमले नाही ते चालत्या हाताला जमते: दोन्ही रीती काही काळ एकाच घरात नांदवणे.

आता हे सारे जिच्यामुळे झाले तिची गोष्ट. या विद्यार्थिनीची स्वतःची एक लहानशी लायब्ररी आहे. वेबवरच्या याद्या मराठी वर्णक्रमाने लावणे, एवढेच तिचे काम. ऐकायला सोपे, पण संगणकाच्या मूळ क्रमात ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या शेजारी बसते आणि आपल्या वर्णमालेत ते ‘ह’च्याही पुढे. ‘क्ष’चा तंटा तर त्याहून जुना. शाळेतली वर्णमाला क्ष आणि ज्ञ शेवटी म्हणते, पुष्कळ कोश क्ष ला क च्या पोटात घालतात. तिने आधी त्याला शेवटी ठेवले होते, मग कोश पाहून क मध्ये आणले. दुसऱ्या आठवड्यात एका शाळेतल्या शिक्षकाची तक्रार आली, की क्षीरसागर नावाची मुले हजेरीच्या तळातून उठून एकदम वर कांबळे-कुलकर्ण्यांच्या जवळ जाऊन बसली आहेत आणि वर्गातले सगळ्यांचे क्रमांक बदलले आहेत. ती शाळा आपली लायब्ररी वापरते, हेच तिला त्या दिवशी कळले.

त्या दिवसापासून तिने आकडा शून्य पूर्णांक नऊवर थांबवला होता. चार वर्षे. मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, “सर, शून्य म्हटलं की लोक मला माफ करतात. एक म्हटलं की मी बांधली जाणार. नोकरी नऊ तास, लोकलचे तीन. हे मी रात्री करते, मुलगी झोपल्यावर. जँगोच्या मागे संस्था आहे. माझ्यामागे कोण आहे? उद्या मी दमले तर?”

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, आणि आजही नाही. आपल्या फुकट कामावर कोण कोण विसंबून आहे हे करणाराला ठाऊक नसते आणि विसंबणाराला करणाराची रात्र ठाऊक नसते, ही या धंद्यातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते. पण मी तिला एवढे म्हणालो, की तू शून्य लिहिलेस म्हणून त्या शिक्षकाचा हजेरीपट कच्चा होत नाही. तो पक्क्या शाईनेच लिहिला जातो. “आणि वचन मोठे कशाला देतेस? जेवढे निभेल तेवढेच दे.”

तिने ते केले, आणि माझ्या कल्पनेपेक्षा शहाणपणाने केले. वीस-बावीस सोयींपैकी पाचच तिने पक्क्या म्हणून जाहीर केल्या. बाकीच्यांवर ‘भरवसा ठेवू नये’ असे स्वच्छ लिहिले. आणि क्ष चे काय? तिने निकाल देण्याचेच नाकारले. यापुढे वापरणाऱ्याने क्ष शेवटी हवा की क मध्ये, हे स्वतः सांगितल्याखेरीज लायब्ररी कामच करीत नाही. शेवटचा हा एक बदल तिने आकडा देण्यापूर्वी करून घेतला, त्या शिक्षकाला आधी कळवून. मग एका शनिवारी रात्री साडेअकराला तिचा संदेश आला: ‘सर, एक पूर्णांक शून्य.’

दुसऱ्या दिवशी मी ती पाच नावे नीट वाचून काढली. शोधताना पहिली-दुसरी वेलांटी, पहिला-दुसरा उकार यांत भेद करायचा की नाही, हे ठरवणारी एक सोय त्यांत होती. नाव रोमन लिपीत होते आणि त्यात ‘ह्रस्व’चे ‘ऱ्हस्व’ झाले होते. ही चूक मी तिच्या प्रथम वर्षाच्या निबंधातही तांबड्या शाईने सुधारली होती. मी लगेच फोन केला.

ती क्षणभर गप्प बसली, मग हसली. “बरोबर नाव आजच घालते, सर. पण जुनं काढता नाही येणार. त्याला नोटीस द्यावी लागेल.”

“किती दिवसांची?”

“दोन आवृत्त्यांची. आणि तो शाळेतला माणूस काल रात्रीच जुन्या नावानं वापरायला लागलाय.”